श्वास की नाडी : हैदराबादचे क्लोरोफॉर्म कमिशन (१८८८–१८९१)

आज कर्नाटकात असलेले बीदर आणि कलबुर्गी (पूर्वीचे गुलबर्गा) हे जिल्हे सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या मुलखाची भाषावार वाटणी झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठवाड्याबरोबर गेले, तर भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण आणि गुलबर्ग्याकडचे आळंद हा मराठी-कन्नड मिश्र वस्तीचा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिला. या मुलखाविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा बहामनी सुलतानांचे, बसवण्णांच्या कल्याणचे किंवा मुक्तिसंग्रामाचे असते, आणि ते तसे असणे साहजिकही आहे. परंतु ब्रिटिश अमदानीतील महाराष्ट्र ज्याला ‘मोगलाई’ म्हणून मागासलेला समजत असे, त्याच राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूल दिलेला माणूस अचानक का दगावतो, या जगभरच्या शल्यचिकित्सकांना छळणाऱ्या प्रश्नाचा प्रयोगशाळेत शोध घेतला गेला. लंडनमधील ‘लॅन्सेट’सारख्या वैद्यकीय साप्ताहिकाने त्या शोधाचा अहवाल छापला आणि पुढची दोन दशके त्यावर वाद चालला. त्या शोधाचा निष्कर्ष अखेरीस चुकीचा ठरला. तरीही त्याची कथा विस्ताराने सांगण्याजोगी आहे, कारण चुकीच्या स्पष्टीकरणाच्या आधाराने बऱ्याच अंशी बरोबर असलेली उपचारपद्धती कशी टिकते, याचे इतके नेमके उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची वाफ हुंगवून रुग्णाला बेशुद्ध केले आणि वेदनारहित शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात एडिंबरोचे प्रसूतिवैद्य जेम्स यंग सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणला. क्लोरोफॉर्मचा वास गोडसर होता, थोड्या मात्रेत काम होत असे आणि रुग्ण लवकर शांत होत असे, त्यामुळे काही महिन्यांतच ब्रिटनमध्ये आणि पाठोपाठ हिंदुस्थानात त्याचा प्रसार झाला. दख्खनमध्ये तर त्याला पर्यायच नव्हता असे म्हटले तरी चालेल. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सिअसला उकळते, आणि गुलबर्ग्याच्या बाजूला वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. अशा हवेत बाटली उघडताच ते उडून जाणार, शिवाय ते चटकन पेट घेणारे, आणि दिव्याच्या उजेडात शस्त्रक्रिया करण्याचा तो काळ. क्लोरोफॉर्मचा उत्कलनबिंदू ६१ अंशांच्या आसपास असून त्याची वाफ सहसा पेटत नाही. त्यामुळे उष्ण प्रदेशातील डॉक्टरांना क्लोरोफॉर्म निर्धोक आहे का, हा प्रश्न लंडनमधल्या डॉक्टरांपेक्षा अधिक निकडीचा होता. लंडनकर शंका आली तर ईथरकडे वळू शकत होते, येथील डॉक्टरांना ती सोय नव्हती.

शंका मात्र अगदी आरंभीच उभी राहिली होती. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलजवळच्या एका गावी हॅना ग्रीनर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीचे पायाचे नख काढण्यासाठी तिला क्लोरोफॉर्म हुंगवण्यात आले आणि अवघ्या दोनतीन मिनिटांत ती मरण पावली. शस्त्रक्रिया किरकोळ, मुलगी एरवी धडधाकट, औषधाची मात्रा थोडी, आणि तरीही मृत्यू. पुढच्या वर्षांत असे मृत्यू वरचेवर नोंदले जाऊ लागले, आणि त्यांच्या कारणांविषयी दोन तट पडले. लंडनचे जॉन स्नो यांच्या मते वाफ अतितीव्र झाली तर ती थेट हृदयाला लुळे करते, म्हणून भूल देणाऱ्याने वाफेचे प्रमाण मोजून ठेवावे. त्यांच्यामागून लंडनमध्ये रुग्णाच्या नाडीवर सतत बोट ठेवण्याची रीत रूढ झाली. एडिंबरोचे शल्यचिकित्सक जेम्स साइम यांची शिकवण याच्या उलट होती. क्लोरोफॉर्म सढळ हाताने, पण मोकळ्या हवेबरोबर द्यावे, रुग्णाचा श्वास अखंड न्याहाळावा आणि नाडीकडे लक्ष देऊन चित्त विचलित होऊ देऊ नये, असे ते सांगत. त्यांच्या मते आधी श्वास थांबतो, हृदय त्यानंतर. १८७७ पासून ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या वतीने ग्लासगो येथील एका समितीने प्राण्यांवर प्रयोग केले आणि क्लोरोफॉर्म हृदयाला घातक आहे असा कौल दिला, तेव्हा लंडनचे पारडे जड झाले.

साइम यांचे एक सहायक एडवर्ड लॉरी पुढे इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले, काही वर्षे लाहोरच्या वैद्यकीय शाळेत त्यांनी शस्त्रक्रिया शिकवली आणि १८८५ मध्ये ते हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन म्हणून आले. हैदराबादची वैद्यकीय शाळा १८४६ पासून चालू होती, म्हणजे बॉस्टनमध्ये ईथरचा प्रयोग झाला त्याच वर्षी ती निघाली होती. तेथे शिक्षण उर्दूतून होई आणि उत्तीर्ण झालेल्याला हकीम ही पदवी मिळे. लॉरी यांच्या अमदानीत तेथे इंग्रजी माध्यम आले आणि स्त्रियांनाही प्रवेश मिळू लागला. शाळेला जोडलेले रुग्णालय मुसी नदीच्या काठी अफजलगंज येथे होते, आणि सुमारे १ कोटी १५ लाख वस्तीच्या राज्यातील ते मुख्य रुग्णालय होते. लॉरी यांनी साइमची पद्धत येथे जशीच्या तशी रुजवली: कुठलेही गुंतागुंतीचे यंत्र नाही, कापडाची शंकूसारखी उघडी टोपी, तिच्या टोकाशी थोडा कापूस, त्यावर क्लोरोफॉर्म, आणि भूल देणाऱ्याची नजर केवळ रुग्णाच्या छातीपोटाच्या हालचालीवर. हजारो रुग्णांना अशी भूल देऊन आपण एकही मृत्यू पाहिला नाही, असे ते ठासून सांगत.

असा दावा केवळ अनुभवाच्या बळावर मान्य होणारा नाही हे ओळखून त्यांनी १८८८ मध्ये निजाम सरकारकडून पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमवून घेतले. पॅट्रिक हेहिर त्याचे अध्यक्ष होते, केली आणि चॅमरेट हे सदस्य. या कमिशनने १४१ कुत्र्यांवर प्रयोग करून निर्वाळा दिला की प्रत्येक वेळी श्वास आधी थांबला आणि हृदय नंतर. १८८९ च्या आरंभी वैद्यकीय शाळेच्या समारंभात लॉरी यांनी हा निष्कर्ष जाहीर सांगितला, तेव्हा ‘लॅन्सेट’ने त्यावर अविश्वास दाखवला. युरोपातील नामांकित प्रयोगशाळांत जे दिसले त्याच्या विरुद्ध एका देशी संस्थानातील मंडळी सांगत होती, आणि त्यांच्या प्रयोगांत रक्तदाबाची यंत्रलिखित नोंदही नव्हती. अविश्वासाचे कारण शास्त्रीय होते हे मान्य करावे लागते. त्यात साम्राज्याच्या राजधानीचा ताठाही मिसळलेला होता, हेही नाकारता येत नाही.

लॉरी यांनी यावर जो उपाय योजला तो धाडसाचा होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने ‘लॅन्सेट’पुढे १,००० पौंड ठेवले आणि त्या साप्ताहिकानेच आपल्या पसंतीचा तज्ज्ञ हैदराबादला पाठवून प्रयोग पुन्हा करवून घ्यावेत, असे आवाहन केले. विरोधकालाच पंच म्हणून बोलावण्याची ही तयारी कोणत्याही काळात दुर्मीळ असते. हा पैसा संस्थानच्या तिजोरीतून गेला, आणि ती तिजोरी प्रामुख्याने शेतसाऱ्यावर भरत असे. बीदर, गुलबर्गा, नांदेड, औरंगाबाद, वरंगळ येथील जिरायत शेतकऱ्यांच्या ज्वारी-कापसाचा त्यात वाटा होता. या संशोधनाचे खरे आश्रयदाते म्हणून त्यांची नोंद कोणत्याही ग्रंथात आढळत नाही, म्हणून ती येथे करणे योग्य होय.

‘लॅन्सेट’ने लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील टॉमस लॉडर ब्रंटन यांची निवड केली. औषधे शरीरात कशी क्रिया करतात याचे ते त्या काळातील अग्रगण्य अभ्यासक होते. छातीतील हृदयशूलाच्या कळा अमिल नायट्राइट हुंगवल्याने थांबतात हे त्यांनी १८६७ मध्येच दाखवून दिले होते. क्लोरोफॉर्म हृदयाला घातक ठरते असेच त्यांचे मत होते. मुंबईहून हैदराबादला जाणारी रेल्वे तेव्हा पुणे, सोलापूर आणि गुलबर्ग्यावरून वाडी जंक्शनला येई, आणि तेथून १८७४ मध्ये सुरू झालेल्या निजामाच्या रेल्वेचा फाटा राजधानीकडे वळे. कलबुर्गी जिल्ह्यातील ते वाडी स्थानक म्हणजे बाहेरच्या जगाला हैदराबादचा दरवाजाच होता. १८८९ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या कमिशनचे काम सुरू झाले. लॉरी अध्यक्ष, आणि ब्रंटन, जेरल्ड बॉमफर्ड व डॉ. रुस्तमजी हे सदस्य.

या प्रयोगांची रीत समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. प्राण्याला भूल देऊन त्याच्या एका धमनीत नळी बसवली जाई, आणि ती नळी पारा भरलेल्या यू आकाराच्या काचनळीला, म्हणजे मॅनोमीटरला, जोडली जाई. रक्ताच्या दाबासरशी पारा वरखाली होई, पाऱ्यावर तरंगणारी लेखणी फिरत्या कागदी पट्टीवर रेघ उमटवी, आणि अशा रीतीने हृदयाच्या कार्याचा सलग आलेख मिळे. श्वासाच्या हालचालींची रेघही त्याच पट्टीवर घेता येई. शरीराच्या क्रिया कागदावर लिहवून घेण्याची ही पद्धत कार्ल लुडविग यांनी १८४७ मध्ये जर्मनीत सुरू केली होती. हैदराबादेत ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. डिसेंबरात ब्रंटन यांनी लंडनला पाठवलेल्या तारेत कुत्रे, घोडे, माकडे, शेळ्या, मांजरे आणि ससे मिळून ४९० प्राण्यांचा आकडा होता, आणि त्यांपैकी १२० प्रयोग मॅनोमीटर लावून केलेले होते.

कमिशनने केवळ सरळ भूल देऊन पाहिले असे नाही. हृदय आधीच दुबळे असेल तर काय होते हे पाहण्यासाठी काही प्राण्यांना फॉस्फरस देऊन त्यांच्या हृदयाच्या स्नायूंत चरबीचा विकार निर्माण करण्यात आला. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने हृदय थांबते या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी दात उपटणे, नख उपसणे यांसारख्या, धोक्याच्या म्हणून नाव झालेल्या शस्त्रक्रिया अर्धवट भुलीत केल्या गेल्या. मेंदूपासून हृदयाकडे जाऊन त्याची गती मंदावणारी जी व्हेगस नावाची चेता, तीही उद्दीपित करून पाहण्यात आली, आणि त्यावर कमिशनने चमत्कारिक वाटणारा पण तर्कशुद्ध अर्थ लावला: हृदय मंदावले की फुप्फुसांतील क्लोरोफॉर्म मेंदूकडे कमी पोहोचते, म्हणून हे मंदावणे संकट नसून संरक्षण आहे. इतके प्राणी मारून मिळवलेल्या ज्ञानाकडे आजचा वाचक अस्वस्थपणे पाहील, आणि ते योग्यच आहे. पण सदस्यांची जिज्ञासा वरवरची नव्हती, हेही त्याने लक्षात घ्यावे.

निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने निघाला. क्लोरोफॉर्मचे प्रमाण वाढवत नेले की मेंदूच्या बुंध्यातील श्वसनकेंद्र आधी बंद पडते. हृदय त्यानंतरही काही काळ चालू राहते, आणि तेवढ्यात कृत्रिम श्वास दिला तर प्राणी वाचतो. धोका श्वास कोंडण्यात किंवा मात्रा अतिरेकी होण्यात आहे, हृदयावरील थेट परिणामात नाही, असे ब्रंटन यांनी तारेने कळवले, आणि आपले पूर्वीचे मत त्यांनी जाहीरपणे बदलले. १८९० मध्ये ‘लॅन्सेट’ने अहवाल क्रमशः छापला आणि १८९१ मध्ये तो आलेखांसह मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यातून ग्रंथरूपाने निघाला. व्यवहारासाठी त्यात नियम दिले होते: रुग्णाला उताणे निजवावे, छातीपोटावर घट्ट कपडा ठेवू नये, आरंभी टोपी तोंडाशी दाबून त्याला धडपडू देऊ नये, डोळ्याच्या बुबुळाला बोट लावल्यावर पापणी मिटेनाशी झाली की भूल पुरी झाली असे समजावे, आणि शस्त्रक्रिया संपेपर्यंत श्वासावरून नजर हलवू नये. हे नियम पाळले तर क्लोरोफॉर्म पूर्णपणे निर्धोक आहे, अशी ग्वाहीही देण्यात आली. अहवालातील सर्वांत कच्चा दुवा तोच होता.

लंडनचे समाधान झाले नाही. अॅबर्डीनचे जॉन मॅकविल्यम त्याच सुमारास दाखवत होते की क्लोरोफॉर्मने हृदय फुगते आणि दुबळे होते. निजाम सरकारनेच केंब्रिजच्या गॅस्केल आणि शोअर यांच्याकडे पुढील तपासाचे काम सोपवले, आणि १८९३ मध्ये त्यांनी हैदराबादचे आलेख तपासून व स्वतःचे प्रयोग करून विरुद्ध निकाल दिला. त्यांची युक्ती सुरेख होती. एका प्राण्याच्या मेंदूला दुसऱ्या प्राण्याचे रक्त पुरवण्याची जोडणी केली की क्लोरोफॉर्म फक्त मेंदूला किंवा फक्त उरलेल्या शरीराला देता येते. तेव्हा दिसले की रक्तदाब घसरण्यामागे मेंदूपेक्षा हृदयावरचा थेट परिणाम अधिक आहे. ज्या सरकारने पहिल्या निष्कर्षासाठी पैसा दिला, त्याच सरकारच्या पैशातून त्या निष्कर्षाचे खंडन झाले. संशोधनाच्या आश्रयदात्याला याहून मोठे श्रेय देता येत नाही. लॉरी मात्र हटले नाहीत. हिवतापाचा परजीवी रक्तात असतो हेही ते मानत नव्हते, आणि त्याच संस्थानातील सिकंदराबाद छावणीत रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी तो परजीवी डासाच्या जठरात वाढताना पाहिला, यावरून लॉरी यांच्या निश्चयी स्वभावाची दुसरी बाजू ध्यानात येते.

उलगडा होण्यास १९११ साल उजाडावे लागले. लंडनचे गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करताना पाहिले की खोल भुलीत असलेली मांजरे टिकतात, पण अगदी हलक्या भुलीत असताना त्यांना अॅड्रेनलिन टोचले, तर हृदय एकाएकी थांबते. अॅड्रेनलिन हा भीती, धडपड किंवा वेदना यांमुळे शरीरात आपोआप स्रवणारा स्राव आहे. टॉमस लुईस यांच्यासह हृदयाच्या विद्युतलहरींची नोंद घेतल्यावर कळले की अशा वेळी हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. या स्थितीला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. क्लोरोफॉर्म हृदयाला अॅड्रेनलिनबाबत अतिसंवेदनशील बनवते, हे यातून सिद्ध झाले. हॅना ग्रीनरचा मृत्यू भुलीच्या अगदी आरंभी झाला होता. साठ वर्षांहून अधिक काळ अगम्य राहिलेल्या तशा मृत्यूंना आता नेमके कारण मिळाले.

लेव्हींच्या शोधाच्या प्रकाशात हैदराबादचे काम पुन्हा वाचले तर चूक कोठे झाली हे स्पष्ट दिसते. धमनीत नळी बसवण्यासाठी प्राण्याला आधी पुरती भूल द्यावी लागे, म्हणजे मॅनोमीटर रेघ काढू लागेपर्यंत भुलीचा सर्वांत घातक टप्पा, आरंभीच्या धडपडीचा, बहुधा सरून गेलेला असे. त्यानंतर मात्रा हळूहळू वाढवून प्राणी मारला की श्वास आधी थांबणार हे ठरलेलेच. थोडक्यात, कमिशनने अतिमात्रेने येणाऱ्या मृत्यूचा अभ्यास अचूक केला, पण ज्या मृत्यूमुळे सगळा वाद उभा राहिला तो आकस्मिक मृत्यू त्यांच्या टेबलावर क्वचितच घडला. शिवाय पारा जड असतो. हृदयाची सूक्ष्म थरथर टिपण्याइतकी चपळता त्यात नव्हती, आणि विद्युतलहरी नोंदणारे उपयुक्त यंत्र तेव्हा निघालेले नव्हते. प्रयोग मोजता येते तेच मोजतो, आणि मोजलेले तेवढेच खरे असे मानण्याचा मोह मोठा असतो.

तरीही लॉरी यांचे रुग्ण का वाचत होते? याचे उत्तरही लेव्हींच्या शोधातच आहे. नाडी थोडी मंदावताच क्लोरोफॉर्म काढून घ्यायचे, रुग्ण चाळवला की पुन्हा द्यायचे, ही लंडनची सावध वाटणारी रीत रुग्णाला वारंवार हलक्या भुलीत आणि भीतीच्या अवस्थेत ढकलत होती, म्हणजे नेमक्या संकटात. रुग्णाला आरंभी धडपडू न देणे, भूल पुरी झाल्याशिवाय सुरीला हात न लावणे आणि मग ती अखंड चालू ठेवणे हे अफजलगंजचे नियम त्या संकटापासून बऱ्याच अंशी दूर ठेवत होते. खरे कारण तेथील डॉक्टरांना ठाऊक नव्हते, पण हात बरोबर चालत होते. लॉरी यांचा दोष इतकाच, आणि तो लहान नाही, की पद्धतीच्या यशाला त्यांनी सिद्धान्ताचा पुरावा मानले, आणि नाडीकडे पाहूच नका असे एका पिढीला शिकवले.

त्या पिढीत रूपाबाई फरदूनजी होत्या. १८८९ मध्ये हैदराबादच्या शाळेतून हकीम होऊन त्यांनी भूल देण्याचेच काम व्यवसाय म्हणून पत्करले, आणि जगातील आद्य स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. अफजलगंजचे रुग्णालय सप्टेंबर १९०८ मधील मुसीच्या महापुरात उद्ध्वस्त झाले, आणि पुढे त्याची जागा उस्मानिया रुग्णालयाने घेतली. क्लोरोफॉर्मचा वापरही विसाव्या शतकाच्या मध्यानंतर, विशेषतः १९५६ मध्ये हॅलोथेन आल्यावर, मागे पडला. आता कोणताही भूलतज्ज्ञ रुग्णाचा श्वास आणि हृदयाचा आलेख दोन्ही एकाच पडद्यावर पाहतो.

कलबुर्गीत १९६३ पासून महादेवप्पा रामपुरे वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि त्यानंतर बीदर व कलबुर्गी येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयेही निघाली. तेथील भूलशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मॉर्टन आणि सिम्प्सन ठाऊक असतात. आपल्याच जुन्या राज्यातील हे कमिशन त्यांना अभ्यासक्रमात भेटत नाही. १८९१ चा तो ग्रंथ त्यांच्या हाती मूळ आलेखांसह द्यावा, आणि त्यातील निष्कर्ष झाकून आधी आलेख वाचायला सांगावेत.